थोरल्या दोराची परीक्षा

थोरल्याला वाळूची पोती बांधायला प्रतापराव तयार नव्हते.

"साहेब, बाकीचे दोन दोर तुम्ही सकाळी तपासले. पास झाले. याला राहू द्या."

साहेब म्हणजे चिंतामणराव, मिलचे असिस्टंट इंजिनियर. राहायला छत्रीबागेत. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

"माणूस कोणत्या दोरावर वर जातो?"

"याच्यावर."

"मग हा सोडून कसा चालेल?"

मिलच्या गोदामात मी फाइल धरून शेजारी उभा होतो. मल्हारगंजात आमची घरं समोरासमोर. प्रतापराव पन्नाशी ओलांडलेले, मी नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालेला. तरी आमची दोस्ती होती. त्यांचे अर्ज मी लिहीत असे. ते मला नावानं हाक मारत नसत. बीए म्हणत.

त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. प्रतापराव मिलच्या चिमण्यांवर चढत आले. विटांच्या भेगा भरायच्या, चिमणीभोवतीचे लोखंडी पट्टे आवळायचे. आधी एकटे, मग ठेकेदार म्हणून चार माणसं घेऊन. गुडघा धरल्यापासून ते स्वतः वर जात नव्हते.

आजवर मिलला त्यांचा शब्द पुरत होता. आता नवा मध्यप्रदेश झाला होता. कारखान्यांचे इन्स्पेक्टर मिलवाल्यांना विचारू लागले होते, की बाहेरची माणसं तुमच्या आवारात वर चढतात, त्यांच्या सुरक्षिततेचे कागद कुठे आहेत. म्हणून मिलनं ठेकेदारांकडे कागद मागितले. माणूस ज्याच्यावर लटकतो त्या प्रत्येक दोराची वजन लावून परीक्षा. आणि चार चढणाऱ्यांच्या सह्या, की दोर आम्ही बघितले, आम्ही चढायला राजी आहोत. शनिवारी ऑफिस बंद होण्याआधी. नाहीतर यादीतून नाव गेलं. यादीत नाव नसेल त्याला फाटक बंद. प्रतापरावांना दुसरं काम येत नव्हतं.

तो शनिवार होता.

"मी स्वतः याच्यावर लटकलोय," प्रतापराव म्हणाले. "माझं वजन चालत नाही काय? बायकोला विचारा, पोत्यापेक्षा जास्त भरेल."

"भिया, वहिनींनी तोललंय का?" हरी म्हणाला. तो त्यांचा जुना माणूस. बाकीचे हसले.

"त्याच्या दुप्पट लागतं," चिंतामणराव म्हणाले.

"देवाची वस्तू आहे, साहेब."

"आमच्याकडे पण खंडेनवमी होते. मी फूटपट्टीची पूजा करतो. दसऱ्यानंतर तिच्यानं मोजतोच ना?"

प्रतापराव बाजूला सरले.

थोरला खरोखरच देवाचा होता. एकदा वर असताना बसायची फळी मोडली आणि प्रतापराव या दोराला धरून राहिले. वाचले. त्या वर्षापासून खंडेनवमीला तो पणजोबांच्या तलवारीशेजारी पाटावर बसू लागला. तलवारीला पंचामृताचं स्नान, तसं त्यालाही. मग लाल कापडात गुंडाळून दिवाळीपर्यंत पेटीत. ते तीर्थ मीही घेतलं आहे.

गोदामाच्या लोखंडी तुळईला कप्पी होती. थोरला तिच्यातून ओवला. पोती बांधली. प्रतापराव जमिनीकडे बघत होते. दोर ताणला गेला, करकरला, स्थिर झाला. चिंतामणरावांनी आणखी एक पोतं लावायला सांगितलं.

फार आवाज झाला नाही. जुनं धोतर फाटावं तसा झाला. पोती खाली आली, एक फुटलं. तुळईवरचं टोक हलत राहिलं.



चिंतामणरावांनी तुटलेलं टोक उचललं आणि पेड उलगडले. बाहेरून सोनेरी. आत काळा, भुसभुशीत. त्यांनी बोटं चोळली तर पूड पडली.

"हा ओला ठेवत होतात काय?"

प्रतापरावांना समजायला वेळ लागला. चेहरा उतरत गेला तो मी बघितला.

"पंचामृत," ते म्हणाले.

"तलवार पुसली की कोरडी होते, प्रतापराव. दोराच्या पोटात राहतं."

लक्ष्मीकांत पुढे आला. चौघांत तोच सर्वांत उंचावर काम करणारा. त्यानं ती पूड बघितली.

"सोमवारी मी याच्यावर होतो," तो म्हणाला. एवढंच.

चिंतामणरावांनी कागदावरून थोरल्याचं नाव कापलं. बाकीचे दोन दोर लांबीला पुरत होते. त्यांना फक्त कुंकू लागलेलं होतं, पाणी नाही. "आता सह्या," ते म्हणाले. "ऑफिस बंद व्हायला आलं."

प्रतापरावांनी कागद पुढे केला नाही. लाकडी खुंटी घेऊन ते खाली बसले आणि दोन्ही दोरांचे पेड जागोजागी उघडून दाखवू लागले. "बघा. वास घ्या. नखानं खरवडा." हरीनं बघितलं, सही केली. मागच्या दोघांनी अंगठे दिले.

लक्ष्मीकांत बराच वेळ बघत राहिला.

"दोर चांगला आहे, दादा."

"मग?"

त्यानं हात पुढे केले. ते थरथरत होते. "हे ऐकत नाहीत."

"अरे सही तर कर," हरी कुजबुजला. "चढू नको. कौन देखता है?"

चिंतामणराव खिडकीकडे वळले. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. लक्ष्मीकांतनं माझ्या हातातलं पेन घेतलं. कागदावर टेकवलंही.

प्रतापरावांनी ते त्याच्या बोटांतून काढून घेतलं.

"नको. बीए, चौथं नाव माझं घाल."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"घाल ना."

चिंतामणराव वळले. "तुमचा गुडघा?"

"गुडघ्याचा कागद मागितलाय का?"

"नाही." ते थांबले. "पण नाव दिलं की चढावं लागेल. सोमवारी. मी खाली उभा असेन."

"नाव दिलंय ना, साहेब."

मी नाव लिहिलं.  त्यांनी खाली सही केली, चिंतामणरावांनी शिक्का मारला. नाव यादीत राहिलं. परतताना प्रतापराव रस्ताभर लंगडत होते.

सोमवारी सकाळी चिमणीखाली चिंतामणराव आधीच आलेले होते. प्रतापरावांनी कमरेला पट्टा बांधला, दोर त्याला अडकवून झटका देऊन बघितला. मागून लक्ष्मीकांत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"मी वर येणार नाही," तो म्हणाला.

"सांगितलंस ना परवा."

"खाली धरतो."

प्रतापरावांनी त्याच्याकडे बघितलं आणि दोराचं खालचं टोक त्याच्याकडे दिलं. लक्ष्मीकांतनं ते कमरेमागून घेऊन पाय रोवले.

प्रतापराव विटांतल्या लोखंडी पायऱ्यांवरून चढू लागले. डावा पाय आधी, मग उजवा ओढून. एका पट्ट्याशी थांबले. कपाळ विटांना टेकवलं. पुन्हा निघाले. पुन्हा थांबले. चिंतामणरावांनी चष्मा काढून पुसला. मला वर बघवत नव्हतं आणि खालीही बघवत नव्हतं.

मग वरून आवाज आला.

"लक्ष्या, ढील."

लक्ष्मीकांतनं ढील दिली. दोर वर सरकू लागला.