कूलरमागचा राउटर

एप्रिलमध्ये शिष्यवृत्तीसाठी माझी ऑनलाइन मुलाखत होती, सकाळी अकरा वाजता. आदल्या दिवशीच घरी जुना कॉम्प्युटर आणून मागच्या खोलीत ठेवला होता. तो राउटरला जोडला जायचा आणि लगेच कनेक्शन तुटायचं. मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून मी पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यात कॉम्प्युटरच शिकते. त्यामुळे जमत नाही असं सांगायची लाज वाटत होती.

दहा वाजता बाबांनी विचारलं, "काहून वं, तोंड पाडून बसली?"

मग मी सांगून टाकलं. समोरच्या खोलीत मोबाइल चालतो, पण मागे कॉम्प्युटर चालत नाही.

बाबा कूलर दुरुस्त करतात. ते समोरच्या खोलीत जाऊन राउटरकडे बघत राहिले. तो हिवाळ्यात खिडकीखाली लावला होता. आता त्याच्यापुढे आमचा मोठा कूलर उभा होता.

"लोखंडाचा डबा, त्यात पाणी भरलेलं. याच्यातून तुह्यं नेट कसं येईन?"

"मले कसं नाही सुचलं?"

"तू पासवर्डच टाकून राहिली ना सकाळपासून," आई हसली.

राउटरची वायर आखूड होती, म्हणून बाबांनी कूलरच अंगणात ओढून नेला. कॉम्प्युटर जोडला गेला आणि कनेक्शन पुन्हा तुटलं नाही.

मुलाखत संपवून मी बाहेर आले, तेव्हा आई-बाबा घामाघूम होऊन दारात बसले होते.

"बोलता आलं ना?" बाबांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं. निकाल अजून लागायचा होता. आम्ही तिघांनी मिळून कूलर आत आणला.