तुलनेचे पक्षी

संशोधन संस्थेत तिला सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, कारण पाठीमागे बोललेलं तिला खपत नसे. राग तिच्या नाकावर नुसता बसलेला नसायचा, तिथे त्याने चांगलं बिऱ्हाड थाटलं होतं. डीप फ्रीजरचं दार कुणी पुरतं लावलं नाही, की राग. नळीवरची चिठ्ठी तिरकी लागली, की राग. आणि "होईल हो बाई" असं जर कुणी म्हणालं, तर त्याची काही धडगत नव्हती. तिचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. तो म्हणायचा, दिवसभर शिकाऊ मंडळी मला भिंतीवर नेत असतात, त्यापुढे हिचा ओरडा म्हणजे विश्रांतीच आहे.

दरवर्षी पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे उन्हाळा लागला, की तोफ जहाजात बसून बर्फाच्या मुलखात जायची. तिथे संस्थेचं एक केंद्र होतं, लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या पाच-सहा खोल्यांचं. आसपास स्कुआ नावाच्या समुद्रपक्ष्यांची घरटी होती. स्कुआ म्हणजे तपकिरी, दांडगा, आकड्यासारख्या चोचीचा पक्षी. घरट्याजवळ कुणी गेलं की सरळ डोक्यावर झेप घेतो. म्हणून लोक डोक्यावर काठी उभी धरून चालतात, म्हणजे टोला काठीला बसतो. तोफही काठी धरायची, आणि वर भांडायचीही. "अगं बये, तुझं पिल्लू मला काय घरी न्यायचंय का?" असं ती खालून ओरडायची आणि ती पक्षीण वरून. दोघी म्हणजे एकाच माळेचे मणी, त्यामुळे त्यांचं बरं जमायचं.

पण एकदा का पिल्लू मांडीवर आलं, की ही बाई वेगळीच होऊन जायची. पिल्लाच्या डोक्यावर एक जुना पायमोजा चढवायचा, म्हणजे अंधार होऊन ते निवांत होतं. मग पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं, ते तडक नळीतल्या औषधात सोडायचं आणि पिल्लू घरट्यात परत. हे सगळं झटपट व्हावं लागतं. पिल्लू घाबरलं तर भीतीनेच त्याच्या रक्तात उलथापालथ होते आणि मग त्या रक्तावरून काही म्हणजे काही कळत नाही. दुसऱ्या कितीतरी जणांनी करून पाहिलं होतं. त्यांच्या नळ्या फुकट गेल्या होत्या.

ते रक्त घेऊन ती परत आली, की प्रयोगशाळेत पिल्लांची जनुकं तपासायची. शरीरात विष शिरलं, की त्यातली काही जनुकं जोरात कामाला लागतात. घरात पाणी घुसल्यावर सगळे बादल्या घेऊन धावतात ना, तसं. पिल्लू वरून ठणठणीत दिसत असलं तरी आत पळापळ सुरू झालेली असते आणि ती मोजता येते. पण पळापळ जास्त आहे असं म्हणायचं, तर कशापेक्षा जास्त? त्यासाठी स्वच्छ जागेतली पिल्लं शेजारी ठेवून पाहावी लागतात. त्यांना हे लोक 'तुलनेचे पक्षी' म्हणत.

तुलनेचे पक्षी सरांनी निवडले होते. सर म्हणजे तोफेचे गुरू, विभागाचे प्रमुख. हिच्या जिभेला भिऊन तिला कुणी कामावर घेत नव्हतं, तेव्हा सरांनी घेतलं. "पोरीची जीभ तिखट आहे, पण हात मऊ आहे," असं ते म्हणाले होते. जगात एका माणसापुढे तोफेचा आवाज खाली यायचा, आणि ते म्हणजे सर. त्यांनी केंद्रामागच्या तळ्याकाठची पिल्लं स्वच्छ म्हणून धरली होती. ती का? तर स्वयंपाकघरातून चालत जाता येतं आणि वादळ आलं तर धावत परत येता येतं. त्यांच्याशी केंद्राच्या धक्क्याजवळच्या पिल्लांची तुलना व्हायची, कारण धक्क्यावर जहाजाचं तेल सांडतं. दरवर्षी दोन्हीकडची मापं सारखीच निघायची आणि दरवर्षी अहवालात तेच वाक्य पडायचं: प्रदूषणाचा परिणाम आढळला नाही.

आता तळ्याच्या वरच्या अंगाला काय होतं, ते ऐका. तिथे पिंपांचा ढीग होता. जुनं तेल, जुना रंग, मेलेल्या बॅटऱ्या, असलं सगळं आधीच्या लोकांनी तिथे टाकून दिलं होतं. बर्फ झाकून टाकेल म्हणाले, आणि टाकलं बापड्या बर्फाने झाकून. आता बर्फ हटत चालला होता, पिंपं गंजून फुटली होती आणि त्यांच्याखालून एक तांबूस ओघळ तळ्यात उतरत होता. हे सगळ्यांना दिसत होतं. पण अहवालच सांगतोय की काही झालेलं नाही, तर पिंपं उचलायची उठाठेव कोण करणार? जहाज वर्षातून एकदाच जातं. परत येताना पिंपं आणायची की नाही, यावर यंदा सरकारी खात्याची बैठक ठरली होती. नाही म्हणाले, की पुढची पिल्लं त्याच पाण्यात.

त्याच सुमाराला घरात तापाची साथ आली. नवरा फणफणला होता. लेकीने डोकं दुखतंय म्हटल्यावर त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि सांगितलं, काही नाही, गार आहे. तोफेने थर्मामीटर लावला, तर पोरीला सणसणून ताप. ती नवऱ्यावर कडाडली, "तुझाच हात तापलाय, त्याला दुसऱ्याचा ताप काय कळणार?"

म्हणाली आणि तशीच उभी राहिली. लेक म्हणत होती, आई, थर्मामीटर दे ना इकडे. हिचं लक्षच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे तळं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने डीप फ्रीजर उपसला. मागे एकदा जहाज बर्फात अडकून एका लांबच्या बेटापाशी थांबलं होतं. हिला स्वस्थ बसवेना, म्हणून तिथल्या स्कुआ पिल्लांचंही रक्त तिने घेऊन ठेवलं होतं. तिथे ना केंद्र, ना धक्का, ना माणूस. योजनेत बसत नाही म्हणून त्या नळ्या तशाच पडून होत्या. तिने बेटाचं, धक्क्याचं आणि तळ्याचं रक्त एकत्र तपासायला लावलं. बेटाची पिल्लं शांत होती. धक्क्याच्या पिल्लांची पळापळ चालली होती. आणि तळ्याच्या, स्वच्छ म्हणून मिरवलेल्या पिल्लांचीही तितकीच.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकी वर्षं आजाऱ्याची आजाऱ्याशी तुलना केली आणि दोघं सारखे दिसतात म्हणून दोघंही बरे आहेत असं लिहीत बसलो! शिकलेसवरलेले लोक आपण, आणि अक्कल गहाण टाकली ती कशापायी, तर पायपीट नको म्हणून!

ती आलेख घेऊन सरांकडे गेली. सरांनी आधी म्हणून पाहिलं, की हे पक्षी हिवाळ्यात अर्धं जग फिरतात, विष कुठूनही आणत असतील. तिने सांगितलं, की मोठे फिरतात, पिल्लं कुठे फिरतात? ती तळं सोडून कुठेच गेलेली नाहीत. सरांनी आलेख बैठकीच्या कागदांत ठेवला. मग म्हणाले, बैठकीत मी बोलतो, तू शांत राहा. सरांचा शब्द होता. तोफ शांत राहिली.

बैठकीला खात्याचे साहेब आले होते. पिंपं आणायची म्हणजे जहाजातली जागा जाते, माणसं लागतात, नसती डोकेदुखी. साहेबांची सगळी भिस्त सरांवर होती. त्यांनी तोफेचा आलेख हातात घेऊन सरळ विचारलं, बाई म्हणतात ते खरं आहे का?

"खरं आहे," सर म्हणाले. "तिची मापं बरोबर आहेत. चूक माझी आहे."

या माणसासाठी आपण जीव टाकतो ते उगीच नाही, असं तोफेला वाटलं. तेवढ्यात सर पुढे बोलले.

"पण म्हणूनच पिंपं आत्ता हलवू नयेत असं माझं मत आहे. एकाच तळ्यावरच्या पिल्लांची इतक्या वर्षांची मापं जगात कुणाकडे नाहीत. आता तर विष कुठून येतंय तेही कळलंय. पिंपं उचलली की ही मालिका तुटेल. आणखी काही वर्षं ती तिथेच राहू द्या, परिणाम कुठवर जातो ते बघता येईल."

आणि हे ते अगदी मायेने बोलले, हीच तर संतापाची गोष्ट. लबाडी असती तर तोफेने तिथल्या तिथे उभी सोलली असती. इथे लबाडी नव्हती. सरांना खरोखरच ते तळं आता मोलाचं वाटायला लागलं होतं. साहेबांचा चेहरा तर असा खुलला, की आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. शास्त्रासाठीच ठेवायची म्हणता, मग प्रश्नच मिटला, असं म्हणत ते कागद आवरायला लागले.

तोफ उठली. संस्थेतल्या लोकांनी सवयीने खांदे आक्रसले. पण आवाज चढला नाही, आणि जे तिला ओळखत होते त्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"सर, मालिका तुटलीच समजा," ती म्हणाली. "त्या तळ्यावर मी यापुढे सुई लावणार नाही."

साहेब म्हणाले, दुसरं कुणी लावेल. सरांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांचे स्वतःचे हात आता वयाने थरथरत असत.

"तू असं करू नकोस," सर म्हणाले. "हे तुझंही आयुष्यभराचं काम आहे."

"आहे ना. म्हणूनच मला ते मोडता येतं." मग ती साहेबांकडे वळली. "आता मापंच होणार नाहीत, तेव्हा शास्त्राचं नाव पुढे करू नका. तरीही पिंपं ठेवायची असतील तर कारण खरं लिहा. पिल्लं किती आजारी पडतात ते बघायचं होतं, म्हणून ठेवली. लिहा आणि सही करा."

साहेबांनी पेन उघडलं, कागदाकडे पाहिलं आणि पेन मिटवलं. असल्या वाक्याखाली सही करण्याची छाती कुणाला असते? जहाजात जागा होईल का ते बघतो, असं ते पुटपुटले. शेवटी जागा झाली. मात्र तोफेचं नाव त्या मोहिमेतून गेलं. उद्धट बाई नको, असं वरून आलं म्हणे. सर तिच्याशी बोलेनासे झाले. जिन्यात समोरासमोर आले, तर ते मोबाइल काढून बघत बसत. ती घरी येऊन रडायची आणि रडू येतंय म्हणून आणखी चिडायची. नवऱ्याने एकदा विचारलं, पश्चात्ताप होतोय का? तिने त्याच्या अंगावर उशी भिरकावली.

जहाज परत आलं त्या दिवशी ती रजा टाकून बंदरावर गेली. क्रेनने पिंपं एकेक करून खाली येत होती, गंजकी, ओली, काहींच्या बुडातून काळं ओघळत होतं. खाली गोदीतले कामगार ती उघड्या हातांनी कवळा घालून ट्रकवर चढवत होते. एकाने हात सदऱ्याला पुसले आणि त्याच हाताने तोंडात बिडी धरली.

तोफ साखळी ओलांडून आत घुसली. मुकादम आडवा आला. बाई, इथे यायला बंदी आहे, तुम्ही कोण, असं त्याने दरडावून विचारलं.

"ही पिंपं मी आणवलीत," ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्या धक्क्यावर ऐकू गेला. "खाली ठेवा ती. आधी माझ्या माणसांना हातमोजे आणा."