फसलो असं लिहून द्यायचं

माझी शाळा चौथीपर्यंत. पण चाळीस वर्षं शारजात एसी दुरुस्त केले आणि एकाही दलालाला मला फसवता आलं नाही, हे मी घरात आठवड्यातून एकदा तरी सांगत असे. बायकोला ते पाठ झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने माझ्या दंडावर साखर मोजायची चकती चिकटवली. सुई नाही, रक्त नाही, आकडा थेट मोबाइलवर. यंत्रातलं मला कळतं, तेव्हा मी ती बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे शेअर मुलाला सांगून माझ्या नावावर घेतले. पाच हजार दिरहमचे, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. काही महिन्यांनी पुन्हा तेवढेच. अल मजाजच्या तळ्याकाठी फिरणाऱ्या चार म्हाताऱ्यांनाही तीच चकती लावायला लावली.

मग बातमी आली. चकती चुकीचे आकडे दाखवते, तक्रारी कंपनीकडे केव्हाच आल्या होत्या, आणि तरी कंपनी सगळं उत्तम आहे म्हणून सांगत होती. शेअर आपटले. गुंतवणूकदारांनी तिकडे अमेरिकेत फसवणुकीचा खटला भरला.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मुलगा लॅपटॉप घेऊन बसला. "अब्बा, वकिलाला लिहून द्यायचंय, कंपनीने आपल्याला फसवलं."

"मला कोणी फसवत नाही."

"मग खटल्यात नाव घालता येणार नाही."

"घाल रे," बायको किचनमधून म्हणाली. "ते फसले याची साक्ष मी देते."

मुलगा फॉर्म भरत पुढे गेला. प्रत्येक खरेदीच्या वेळी दोष माहीत होता का, या प्रश्नापुढे त्याने मला न विचारताच दोन्हीकडे 'नाही' टाकलं आणि म्हणाला, "यल्ला, चला, सही करा."

मी लॅपटॉप बाजूला सारला. दुसऱ्यांदा शेअर घेण्याआधीच एका दुपारी मोबाइल साखर ठीक सांगत होता आणि मी घामाने भिजून थरथरत होतो. बाथरूममध्ये बोट टोचून पाहिलं तर साखर पार खाली. त्या आठवड्यात तसं तीनदा झालं. पण इतकी तारीफ केल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? उलट मनाची समजूत पटावी म्हणून आणखी शेअर घेतले.

"दुसऱ्या वेळी मला माहीत होतं," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

"यू न्यू? आणि तरी घेतलेत?"

बायको हात पुसत बाहेर आली. "रक्त तपासायच्या पट्ट्या संपत होत्या, ते मला दिसत नव्हतं? कधी बोलता याची वाट बघत होते. कंपनीवर तुम्ही खटला भरा, तुमच्यावर कोणी भरायचा?"

"दुसऱ्या खरेदीपुढे 'हो' लिही," मी मुलाला म्हटलं.

"मग त्या खरेदीचं बहुतेक काहीच मिळणार नाही, अब्बा."

"नाही मिळालं तरी चालेल."

लॅपटॉपवर बोटाने सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. मग चपला घातल्या.

"आता कुठे?" बायकोने विचारलं.

"तळ्यावर. चकतीचं त्या चौघांना सांगायला हवं."

"ते त्यांनी बातम्यांत ऐकलं असेल. तुम्हाला कधीपासून माहीत होतं, ते सांगणार का?"

"तेच सांगायला चाललोय," म्हटलं आणि दार ओढून घेतलं.