सव्वासातला अडकणारा कॅमेरा

महाळुंगे पडवळच्या मळ्यात कुंडलिकआबांइतकं अस्वस्थ माणूस दुसरं सापडायचं नाही. बसले तर पाय हलतो, उभे राहिले तर बोटं. दोन वर्षांपूर्वी बिबट्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत घरचं कुत्रं उसात ओढून नेलं. तेव्हापासून दिवस मावळला की आबांच्या जिवाला थारा नसायचा.

आणि नात आरोही नेमकी तेव्हाच यायची. मंचरचा क्लास सुटला की जीप तिला रस्त्यावर सोडायची. तिथून घरापर्यंत दोनशे पावलं, दोन्ही अंगांना ऊस. आजोबा न्यायला येतात म्हणून जीपमधल्या पोरी हसतात, असं सांगून दहावीतल्या या बाईसाहेबांनी त्यांना घरी बसवलं. शेवटी तोड निघाली ती कॅमेऱ्याची. गोठ्याच्या भिंतीवर कॅमेरा, घरात वायफाय, आबांच्या हातात मोबाईल. आरोहीनं मोठ्यानं गाणी लावत यायचं आणि आबांनी ओट्यावरून बघायचं.

पण सव्वासात वाजले, पोरगी वाटेला लागली, की चित्र अडकायचं. मोबाईलवर चाक गरगरत राहायचं आणि इकडे आबा ओट्यावर येरझाऱ्या घालायचे. चित्र पुन्हा हलेपर्यंत आरोही दारात आलेली असायची.

वायफाय बसवणाऱ्या राकेशला त्यांनी तीनदा बोलावलं. तो बिचारा दुपारचा यायचा, तेव्हा चित्र अगदी स्वच्छ.

"आबा, काय बी फॉल्ट न्हाई."

"मग मी खोटं बोलतो व्हय?"

चौथ्या खेपेला आबांनी त्याच्या मोटरसायकलची चावीच खिशात घातली. "आता सव्वासातपर्यंत बस. चहा पी, पेपर वाच, काय बी कर."

सव्वासातला जीप थांबली. आरोही उतरली, चार पावलं आली आणि चित्रात तशीच थिजली, एक पाय उचललेला. आबा ताडकन उठले. राकेश मात्र घरात धावला. राउटरला खेटून मायक्रोवेव्ह घरघरत होता आणि समोर आबांची सून, आरोहीची आई जया उभी होती. राकेशनं मायक्रोवेव्हचं दार उघडलं. बाहेर आबांच्या हातात पोरगी चालायला लागली.

"वहिनी, हे चालू असलं की वायफाय पडतं बघा. दोन्हीची लहर एकच हाय."

मागोमाग आत आलेल्या आबांचा पारा चढला. "जया, रोज याच वक्ताला तुला काय गरम करायचं असतं गं?"

"तुमचं कालवण. आरू घरात आल्याबिगर तुमी घास घेत न्हाई. म्हणून ती यायच्या टायमाला करते."

"मग ती आल्यावर कर की! दोन मिनिटांनी काय बिघडतंय?"

जया पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "कालवण आधीच गरम असतं, आबा. मी परत गरम करते. ती वाट मला बघवत न्हाई. त्या वक्ताला हाताला काय तरी काम लागतं."

आबांनी हातातला मोबाईल खाली ठेवला. भ्यायचं काम या घरात आपल्या एकट्याकडे आहे, अशा तोऱ्यात ते दोन वर्षं वावरले होते. भिंतीपलीकडे ही सून रोज तेवढीच भीत उभी होती आणि त्यांनी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सातलाच त्यांनी बॅटरी घेतली आणि आत हाक मारली, "जया, चल. पोरी हसल्या तर हसू देत."

दोघं रस्त्याकडे निघाली. अर्ध्या वाटेत ऊस सळसळला आणि जयानं एकदम आबांचा दंड धरला. सासऱ्याला हात लावायची त्या घरात रीत नव्हती. तिच्या लक्षात आलं, ती हात काढून घेऊ लागली.

"राहू दे," आबा म्हणाले, "मला बी लई भ्या वाटतंय."