मास्तरांची शेकोटी आणि माझा दमा

“हा दमा आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मी त्यांच्याशी भांडायला लागले.

तोंडावर नेब्युलायझरचा मास्क होता, त्यामुळे हातवारे करूनच भांडले. नेब्युलायझर म्हणजे औषधाची वाफ करून ती छातीत सोडणारं यंत्र. मी खो-खो खेळते. सोलापूरच्या मे महिन्यात मैदान तव्यासारखं तापतं, तेव्हाही पळते. दमा म्हणजे म्हातारपण, खाटेवर बसून खोकणं, असंच माझ्या डोक्यात होतं.

मास्क निघाल्यावर बाईंनी विचारलं, “उन्हाळ्यात त्रास होतो?”

“नाही.”

“पावसाळ्यात?”

“नाही.”

“मग होतो कधी?”

दिवाळी झाली की. पहाटेच्या सरावाला आधी कोरडा खोकला यायचा, मग छातीत शिट्टी वाजायची. आई म्हणायची, थंडी बाधली. ती ओव्याची पुरचुंडी गरम करून द्यायची. त्या दिवशी मात्र मी खांबापाशीच खाली बसले. श्वास आत जाईना. दोघी मैत्रिणींनी मला स्कूटीवर मध्ये बसवून सरकारी दवाखान्यात आणलं.

दुसऱ्या दिवशी स्पायरोमेट्री झाली. नळीत जोरात फुंकायचं आणि फुप्फुसातली हवा किती वेगानं बाहेर येते ते यंत्रानं मोजायचं, अशी ती तपासणी. बाहेर बाकावर जागा नव्हती. विड्या वळणारी एक मावशी, कडेवरचं बाळ, रिक्षावाले काका, सगळे एका सुरात खोकत होते. मावशी मला म्हणाली, “बस गं. थंडी आली की हितं आमची जत्राच भरते.” सगळा बाक हसला आणि हसता हसता पुन्हा खोकला.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते जसंच्या तसं सांगते. “उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर जाते आणि धूरही बराचसा वर नेते. पाऊस हवा धुऊन काढतो. थंडीत पहाटे उलटं होतं. खाली गार हवा, वर उबदार हवा. याला इन्व्हर्जन म्हणतात. पातेल्यावर झाकण बसावं तसं. मग गाड्यांचा, भट्ट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर तुझ्या नाकाच्या उंचीवरच अडकतो. असा धूर साचला की दोन-चार दिवसांत माझा बाक भरतो.”

मग त्यांनी विचारलं, “तुमच्या मैदानावर पहाटे धूर असतो?”

“नाही. फक्त मास्तरांची शेकोटी असते.”

आमचे मास्तर टॉवेलच्या कारखान्यात दुपारपाळीला आहेत. सकाळी ते आम्हाला फुकट शिकवतात, आणि त्याआधी गारठलेल्या पोरींसाठी शेकोटी पेटवतात. जळण कारखान्यातलंच असतं, मागावरचं तुटकं सूत आणि चिंध्या. त्यात निम्मा धागा प्लॅस्टिकचा. मला खोकला लागल्यापासून मास्तर मला अगदी पुढे बसवायचे. “पोरी, छाती शेक. कफ सुटंल.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तू रोज सकाळी रोगच शेकत होतीस!”

आता एकच प्रश्न होता, खेळायचं की नाही? महिन्यावर माढ्याचा सामना होता.

“खेळायचंच,” बाई म्हणाल्या. “इनहेलर रोज घ्यायचा, बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही. शेकोटीजवळ जायचं नाही. आणि सराव दुपारी, झाकण उघडल्यावर.”

पण मास्तरांचा नियम होता, पहाटे जी नाही ती संघात नाही. “पहाटेची हवा म्हणजे अमृत की गं! लई नाटकं करायलीस. ते पंप सोड, सवय लागंल.”

मी लहानपणापासून मोर्च्यांची पत्रकं वाचत आणि वाटत आले आहे. त्याच रात्री पत्रक लिहिलं, ‘श्वास हा हक्क आहे, शेकोटी विझवा!’ आणि पहाटेआधी मैदानाच्या भिंतीवर लावलं. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. “झकास लिवलंयस,” म्हणाले, भिंतीवरून काढलं आणि त्यानंच शेकोटी पेटवली.

मी लांबूनच संतापून ओरडत होते. पोरी पोट धरून हसत होत्या. शेवटी मलाही हसू फुटलं.

मग मी पीक फ्लो मीटर आणला. ही हातात मावणारी नळी असते. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि श्वासाचा जोर दाखवतो. खो-खोच्या पोरींना काटा दाखवला की झालं, लगेच स्पर्धा! तोंडात धरायचं टोक प्रत्येकीचं वेगळं होतं. मी लांब थांबले, बाकी सगळ्यांनी शेकोटीपाशी फुंकलं. मास्तरांचा काटा आमच्या सगळ्यात बारक्या सुमीच्याही खाली राहिला.

“मास्तर, बाद!” सुमी ओरडली.

“नळी खराब हाय!”

सुट्टीच्या दिवशी दुपारी पोरींनी त्यांना पुन्हा मैदानावर ओढून आणलं. तीच नळी. काटा चांगला वर गेला. मास्तरांनी परत फुंकलं, मग तिसऱ्यांदा. मग नळी सुमीच्या हातात परत दिली. “मागावर तीस वर्षं झाली,” म्हणाले. “मला वाटायचं, धाप लागती ती वयामुळं.”

डॉक्टरबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, सकाळी श्वासाचा जोर तसाही थोडा कमीच असतो, यावरून सगळं सिद्ध होत नाही. मला कुठं सिद्ध करायचं होतं? मला मास्तर जिंकायचे होते. त्यांना तपासायला घेऊन या, हेही बाईंनी बजावलं, आणि आम्ही त्यांना नेलंच.

मास्तरांनी पाळी बदलून घेतली. सराव दुपारी चारला सुरू झाला. थंडीतलं ते कोवळं ऊन पाठीवर घेऊन पळण्यासारखं सुख नाही.

तुमच्या घरात कुणाला दर हिवाळ्यात असा खोकला येत असेल, तर थंडीला शिव्या देऊन गप्प बसू नका. तपासून घ्या. धुराची वेळ ओळखा. उन्हाळाही निर्दोष नाही, त्याची धूळ आणि झळ वेगळी. आणि रात्रपाळी करून चिंध्यांवर हात शेकणाऱ्याला दोष देऊ नका. त्याला ऊब हवी आहे, ती बिनधुराची मिळावी यासाठी भांडा. मी भांडतेच आहे.

माढ्यात मी पळतीला पहिल्या तिघींत उतरले. दोघी बाद झाल्या, मी एकटी उरले. खांब, हुलकावणी, पुन्हा खांब. छातीत शिट्टी नव्हती, नुसती हवा होती. शेवटी माढ्याच्या एका उंच पोरीनं झेप घेऊन माझी पाठ गाठली. मी बाद झाले, आणि आडवी पडून खदाखदा हसत सुटले. ती घाबरून म्हणाली, “लागलं का गं?”

“नाही गं,” मी म्हटलं, “तू बाद केलंस ना, दम्यानं नाही, म्हणून हसतेय!”