लोणारचा पांढरा काठ

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी खामगावहून लोणारला जायचं ठरवलं. माझा बालमित्र युसूफ तिथे तीन वर्षं खाऱ्या तळ्यातला खार काढायच्या कामावर होता. "आमचा समुद्र पाहाले ये," असं प्रत्येक पत्रात असायचं. निघताना त्याच्या अम्मीने, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या खालांनी, म्हणजे मावशींनी, बजावलं, "त्याले म्हणजो, साखरखेर्ड्याची पोरगी पक्की केली. ईद झाली की निकाह."

मेहकरपर्यंत सर्व्हिस मोटार मिळते, भाडं सव्वा रुपया. धूळ इतकी, की उतरल्यावर शेजारी बसलेला माणूस मला ओळखू येईना. पुढे छकडा. सुलतानपूरला भाकर-ठेचा मिळाला, पाणी मात्र तीन घरं मागून. जाणाऱ्याने सुरई भरूनच निघावं. दोन्हीकडे करपलेली रानं आणि हाडं निघालेली गुरं.

युसूफ वेशीपाशी उभा होता. मी हाक मारली तरी पुढे आला नाही, नुसता हसला. डोळ्यांवर पांढरट झाक होती. धूळ असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गावातलं जुनं देऊळ दाखवलं. भिंतीवरून हात फिरवत सांगत होता, "हे हत्ती पाह्य. ही बाई आरशात पाहून राह्यली." मग आम्ही दरड उतरून तळ्यावर गेलो. पाणी आटून काठ पांढराफटक पडला होता. गुडघाभर चिखलात बाया टोपल्यांनी खार उपसत होत्या, त्यांच्या पोटऱ्यांना चिरा पडल्या होत्या. त्या लखलखाटात मला डोळे उघडवेनात. युसूफ टक लावून बघत होता. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याचा हात बाजूला, हवेत फिरला.

"युसूफ, तुले दिसत नाही?"

तो खाली बसला. "रोज खार डोळ्यात जाये. आता उजेड तेवढा समजते. अंदाजानं पोती शिवतो. पत्रं मुकादम लिहून देते."

"काऊन सांगितलं नाही बे?"

"अम्मीले सांगू नोको. निकाह होऊ दे पह्यले."

"अन् त्या पोरीचं?"

त्याने चाचपडून माझ्या हातातला तांब्या घेतला. मग म्हणाला, "मंग माह्या हाताले कोन धरन?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. पुढे सिंदखेडराजा पाहायचं होतं. ते सोडून परत फिरलो.

खाला दारातच होत्या. "कसा हाय माहा युसूफ?"

मी सगळं सांगितलं. त्या उभ्यानेच ऐकत होत्या. एवढंच विचारलं, "बिलकुल नाही दिसत?" दुसऱ्या सकाळच्या मोटारीने जाऊन त्यांनी त्याला घरी आणलं. साखरखेर्ड्यालाही स्वतः जाऊन सांगून आल्या. सोयरीक मोडली.

युसूफ आता आमच्या गल्लीत खाटा विणतो. मी जवळून गेलो की त्याचे हात थांबतात आणि मी पुढे गेल्यावर पुन्हा चालू होतात. माझ्याशी बोलत नाही. लोणारबद्दल लोक विचारतात, तेव्हा मी रस्ता सांगतो, देवळांचं सांगतो. केलं ते बरोबर होतं, असं स्वतःला अजून समजावतो.

खाला त्याबद्दल एकदाच बोलल्या. "तू सांगितलं ते बरं केलं, बेटा. पन तू दिसला की मले गुस्सा येते."