चिलरची लिंबू-मिरची

लालबागची खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो, आणि पाठोपाठ मी नोकरीला रामराम ठोकून चिलर दुरुस्तीची स्वतःची कामं धरली. नव्वदीची सुरुवात होती. पहिलं मोठं काम भाईंदर पूर्वेला मिळालं, प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या एका कारखान्यात. साच्यातली बादली गार व्हायला थंड पाणी लागतं. ते पाणी गार करणारा नवाकोरा चिलर शेठनी बसवला होता आणि त्याची गॅसची बाजू दर महिन्याला तपासणं माझ्याकडे होतं. काम मला मनापासून आवडायचं. या धंद्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं तेव्हा माझं प्रामाणिक मत होतं.

चिलर चालवायला रत्नागिरीकडचे एक काका होते. वयाने माझ्या वडलांएवढे, तरी मला साहेब म्हणायचे. गळती शोधायला मी साबणाचं पाणी न्यायचो, ते त्यांनी पहिल्याच महिन्यात मोडीत काढलं आणि घरून रिठे भिजवून आणले. रिठ्याचा फेस पाइपाच्या जोडावर बसला की हलत नाही. जरासा गॅस निसटला तरी बुडबुडा धरतो. मग आमची पद्धतच पडली. मी पुढे, बोटाने जागा दाखवत. ते मागे, दाढीच्या ब्रशने फेस लावत. चिलरची दाढी उरकली की चहा.

पण गॅस काही टिकेना. पाइपाला एक छोटी काच असते, तिच्यातून आतला द्रव नितळ दिसायला हवा. आमच्या काचेत सोड्यासारखे बुडबुडे, म्हणजे गॅस कमी. मी भरायचो, महिन्याने पुन्हा तेच. लागोपाठ तीन महिने आम्ही फेस लावला आणि मी कागदावर ‘सर्व जागा तपासल्या, गळती नाही’ असं लिहून झोकात सही केली. मग गॅस जातो कुठे? शेठनी शोध लावला की काका तो काढून केबिन रोडच्या फ्रिजवाल्यांना विकतात. फ्रिजचा गॅस वेगळा, हा वेगळा, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. पुढच्या वेळी गॅस कमी निघाला तर दुसरा माणूस ठेवणार, असं त्यांनी काकांना तोंडावर सांगितलं. काकांची मुलगी दहावीला होती. त्या दिवशी ते चहाला थांबलेच नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ आली होती.

पुढची तपासणी नेमकी शनिवारी आली. काचेत बुडबुडे होतेच. मी ते शेठना कसं सांगावं या विचारात होतो, तेवढ्यात शेठच लिंबू-मिरची घेऊन आले. नव्या यंत्राला शेजारच्या गाळेवाल्यांची नजर लागू नये म्हणून दर शनिवारी ते स्वतःच्या हाताने ती बांधायचे, दाब दाखवणाऱ्या गेजकडे जाणाऱ्या तांब्याच्या बारीक नळीला, लोखंडी तारेने. त्यांनी आठवड्याची जुनी माळ सोडली आणि बोटं रुमालाला पुसली. रुमालावर तेलाचा डाग उमटला.

मी माळ हातात घेतली. मिरच्या लोणच्यातल्यासारख्या चकाकत होत्या. चिलरमध्ये गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, आणि तेल जिथे झिरपतं तिथूनच गॅस जातो. काकांच्या हातातला ब्रश ओढून मी तारेखाली फेस फासला. एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. यंत्राच्या थरथरीने तार घासून घासून नळीला सुईएवढं भोक पडलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो.

शेठ हसले नाहीत. “आप तो हर महिने चेक करते थे ना?”

नळी आजच गेली, हे उत्तर जिभेवर आलं होतं. पण मग मागच्या तीन महिन्यांचा गॅस काकांच्याच माथी राहिला असता. मी सांगून टाकलं की सगळं तपासलं, एवढी वीतभर नळी सोडून. नजरेच्या वस्तूला हात कसा लावायचा, म्हणून मी दर वेळी तिला वळसा घालत होतो. कागदावरचं ‘सर्व’ खोटं होतं. शेठनी तेलकट रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग त्यांनी नवी माळ नेऊन दारावर टांगली आणि काकांना म्हणाले, “चाचा, गलती हमारी.”

नळी बदलली, गॅस भरला, काच नितळ झाली. काका खुशीत होते, मी त्यांच्याहून. चहा घेताना मी सहज विचारलं की आपण ती जागा दर वेळी सोडतोय, हे तुम्हाला कधी खटकलं नाही का.

“खटकलं होतं ना,” काका म्हणाले. “दोनदा बोलणार होतो. पण तुम्ही शिकलेले, तुम्ही सोडलंत म्हणजे तिथे बघायचं नसणार.”

नोकरी त्यांची जात होती, आणि तरी त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला होता. मला भयंकर लाज वाटली. मी चहा संपवला आणि दोघांचे कप मीच धुतले.